नंबर एकचं माप

एकतीस मार्चला माझी बायको सारजा जिवंत होती. हे आधी लिहून ठेवतो, कारण माझा सगळा गोंधळ इथूनच सुरू झाला.

त्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखं केंद्रावर दूध घातलं. दुपारी दुष्काळी छावणीत गाईला पेंड नेऊन दिली. संध्याकाळी जेवताना म्हणाली, "पोटात दुखतंय वो." टँकरच्या पाण्यानं तेव्हा अख्ख्या गावाचं पोट दुखत होतं. मी ओवा दिला. तिनं तो चावला आणि भांडी घासायला उठली. एप्रिल संपायच्या आत ती गेली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ होती, आणि ती वर्षभरापासून असणार.

युसूफ वडगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथं बायकांची दूध संस्था आहे, सहकारी, रीतसर नोंदणी झालेली. ती सारजानं काढली. ती चेअरमन आणि मी पगारी सचिव. गावातले लोक हसायचे. "बद्रीनाथ, घरी बी तीच साहेब, हापिसात बी तीच साहेब. तुला रजा कोण देतं बे?" मी म्हणायचो, "रजा मागायचीच हिंमत न्हाई." त्यात खोटं काही नव्हतं.

मला बी.कॉम.ला तिनंच बसवलं. दरवर्षी ताळेबंद करायला केजहून एक माणूस यायचा. तो दोन दिवसांत कागद तयार करायचा आणि खाली सह्या घ्यायचा. एके वर्षी सारजानं त्याला विचारलं, "ह्या आकड्याचा अर्थ काय?" तो म्हणाला, "बाई, ते तांत्रिक असतं." तो गेल्यावर ती मला म्हणाली, "आपल्या दुधाचं आपल्यालाच कळंना, आन सही मात्र माजी. तुमी बारावी झालाव ना? मंग पुढं शिका." मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. तिनं ऐकलं नाही. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म तिनंच आणला. पहिलं वर्ष मी कसंबसं काढलं. दुसऱ्या वर्षाला वित्तीय लेखांकनाचा पेपर होता, आणि दर रविवारी केजच्या कॉलेजात त्याचा वर्ग असायचा.

आता केंद्रावरची एक पद्धत सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

संस्थेत प्रत्येक सभासद बाईला नंबर असतो. सारजाचा नंबर एक. दुकानदार दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतो, तशी आमच्या केंद्राची भवानी सारजाच्या मापानं व्हायची. पहिल्या दिवशी गावातली एकही बाई पुढं होईना. दूध विकलं तर लक्ष्मी जाते असं कुणीतरी उठवून दिलं होतं. तेव्हा सारजानं स्वतःची चरवी पुढं केली आणि म्हणाली, "जाऊ द्या माजी लक्ष्मी आधी." तेव्हापासून रोज सकाळी कॅनमध्ये पहिलं माप नंबर एकचं पडायचं, मग बाकीच्या बायका. तिची गाय आटली तरी ती मापभर दूध कुठून तरी आणायची, पण भवानी चुकवायची नाही. आणि केंद्रावरच्या दुधाचा चहा कुणाला पिऊ द्यायची नाही. पाहुणा आला तरी कोरा चहा. आमच्या घरीही कोराच. "ज्ये विकायचं त्ये प्यायचं न्हाई," एवढंच म्हणायची.

ती गेली तेव्हा तेरा दिवस मी केंद्रावर गेलो नाही. नंबर दोनच्या छबुबाई, सारजाच्या मैत्रीण, त्यांनी केंद्र सांभाळलं. चौदाव्या दिवशी गेलो आणि दूध नोंदायचं रजिस्टर उघडलं. रोजची पहिली ओळ नंबर एकची होती. एक लिटर, एक लिटर, एक लिटर, रोज.

"छबुबाई," मी विचारलं, "हे कुणाचं दूध?"

"सारजाक्काचं."

"आवं, ती..."

"म्हाईत हाय भाऊजी. पण भवानी कुणी करायची? मी दोन नंबर. माज्यानं न्हाई हुत."

मागं बायनाबाई किटली घेऊन उभ्या होत्या. वयानं सगळ्यांत मोठ्या, मला अरेतुरे करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "पाळी लावलीय आमी. आज माजी, उद्या भिवराबाईची. ज्याची पाळी त्येनं अक्काचं माप घालायचं. तुला काय अडचन हाय? तू लिवायचं काम कर."

मी लिहिलं. नंबर एक, एक लिटर. खरं सांगायचं तर हाताला बरं वाटलं. सवयीची ओळ होती.

दुष्काळातलं लिटरभर दूध म्हणजे थोडं नव्हे. निम्मी जनावरं छावणीत होती, उसाच्या वाळलेल्या वाढ्यांच्या चाऱ्यावर. ज्या बाईकडं दीड लिटर निघायचं ती पाळीच्या दिवशी एक लिटर सारजाला द्यायची आणि अर्धा स्वतःच्या नावावर घालायची. कुणी कुरकुर केली नाही. पैसे दर दहा दिवसांनी सारजाच्या खात्यावर जमा होत गेले आणि तिथंच पडून राहिले.

त्या महिन्यात दोन कामं माझ्या डोक्यावर होती. मागच्या वर्षाचा ताळेबंद पहिल्यांदाच मी स्वतः करत होतो, आणि जूनमध्ये परीक्षा होती. वर्गात माझ्या बाकावर जुलेखा बसायची. केजच्या स्टँडवर फळांचा गाडा लावणाऱ्या पाशाभाईची मुलगी. विशीची असेल. तिला सगळं पटापट यायचं आणि मला काहीच यायचं नाही. मला साध्या गोष्टीत अडकायला व्हायचं. केंद्रावर बाई दूध घालते, आम्ही म्हणतो दूध जमा झालं. जमा झालं म्हणजे आपल्याकडं आलं. पण ताळेबंदात तिच्या नावचा तो आकडा देण्याच्या बाजूला बसतो.

"आलं तर देणं कसं?" मी जुलेखाला विचारलं.

"काका, दूध आलं. पैसे द्यायचे राहिले. ते देणं."

"आन ज्याला द्यायचं तो माणूसच न्हाई राह्यला तर?"

"वारसाला."

"आन वारसाचं बी ते नसंल तर?"

तिनं वहीवरून डोकं वर केलं. तिला माहीत होतं. मागच्या रविवारी माझ्या डोक्यावर उगवलेले खुरटे केस बघून तिनं काही विचारलं नव्हतं, फक्त डब्यातून डाळिंबाचे दाणे पुढं केले होते. "काका, हे सरांना विचारा," ती म्हणाली.

विचारायचं राहून गेलं, कारण त्याच आठवड्यात सुपरवायझर आले.

अर्जुनराव तालुक्याच्या दूध संघाचे सुपरवायझर. माणूस वाईट नव्हता, पण नोकरी तपासणीची होती. मी त्यांना चहा दिला. त्यांनी कपात बघितलं.

"बद्रीनाथराव, इतक्या वर्सांत तुमच्या संस्थेत मला कवा दुधाचा च्या भेटला न्हाई. लोक मला हसतेत. दुधाच्या संस्थेत कोरा च्या."

"चेअरमनचा नियम हाय."

"हं." ते म्हणाले. मग रजिस्टर ओढून घेतलं आणि पानं उलटली. बोट पहिल्या ओळीवर थांबलं, पुढच्या पानावरही थांबलं, त्याच्या पुढच्याही.

"हे नंबर एक म्हणजे?"

मी सांगितलं. पाळी, भवानी, सगळं. लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. अर्जुनरावांनी कप खाली ठेवला.

"आवो, मयत माणसाच्या नावावर दूध. तुमाला कळतंय का काय हाय हे? बोगस सभासद म्हणतेत ह्याला. ज्या संस्थेवर असं निघतंय तिची नोंदणी जाती. कागदावर आसंच असतंय, माणूस न्हाई, दूध हाय, पैसा हाय. आतल्या गोष्टी वरच्या साहेबाला काय सांगू? बायांना भवानी लागती म्हणून?"

"खरं तर तेच हाय."

"खरं असंल. मी मानतो. पण मला लिवावं लागंल." त्यांनी रजिस्टर मिटलं. "म्हैनाअखेर मी परत येतो. तवर नंबर एक बंद झाला पायजे, दूध ज्याचं त्याच्या नावावर गेलं पायजे. न्हाई तर संस्था बंद. गड्यांची संस्था हाईच गावात, तुमचं दूध तिकडं जोडून टाकू. त्यांची तर कवाची इच्छा हाय."

"तिच्या वारसाच्या नावावर करता येईल का?"

"बायांची संस्था हाय, वारस बी बाईच पायजे. मुलगी, सून?"

आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी मान हलवली.

"मंग बंदच करा," अर्जुनराव म्हणाले. जाताना त्यांनी उरलेला कोरा चहा उभ्याउभ्या पिऊन टाकला.

मी बायकांना सांगितलं. बायनाबाई म्हणाल्या, "त्येला म्हणावं, तुज्या आईच्या नावानं कवा कावळ्याला घास ठिवला का न्हाई? त्यो कुनाच्या खात्यावर लिवतोस?"

"मावशी, ते वेगळं."

"कावून येगळं? सांग की. शिकतुयस ना कालेजात?"



पुढच्या रविवारी केंद्रे सरांनी नवा धडा घेतला. ताळेबंदाच्या तारखेनंतर घडलेल्या घटना. सर तरुण होते. त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि मधे एक उभी. उभ्या रेघेवर लिहिलं, एकतीस मार्च.

"हिशेब या तारखेचा असतो," ते म्हणाले. "पण हिशेब पूर्ण व्हायला मे-जून उजाडतो. मधल्या दिवसांत काहीतरी घडतं. त्याचं काय करायचं? दोन प्रकार आहेत. समजा, एप्रिलमध्ये गोदामाला आग लागली. एकतीस मार्चला गोदाम धडधाकट होतं. मग आकड्यांना हात लावायचा नाही, खाली फक्त टीप द्यायची. दुसरा प्रकार. एक व्यापारी एप्रिलमध्ये बुडाला, पण तो आतून मार्चमध्येच पोखरलेला होता, आपल्याला फक्त एप्रिलमध्ये कळलं. मग टीप देऊन भागत नाही. मागं जाऊन मार्चचे आकडे बदलायचे. जे कळलं ते नंतर कळलं असेल, पण परिस्थिती आधीच तशी होती."

वर्गातले सगळे लिहून घेत होते. माझा पेन उभाच राहिला. मी हात वर केला.

"बोला काका."

"सर, माणूस आजारी असंल तर?"

"म्हणजे?"

"एकतीस मार्चला चांगला होता. कामं केली, जेवला. पोट दुखतंय म्हणाला, ते सगळ्यांचंच दुखत होतं. एप्रिलमध्ये गेला. मग कळलं गाठ वर्षभर होती. तर त्याला आग म्हणायचं का व्यापारी म्हणायचं?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. जुलेखानं मागं वळून बघितलं तसं ते थांबलं.

सरांनी खडू खाली ठेवला. "काका, हे नियम मालमत्तेला आणि देण्याला आहेत. माणसाला नाहीत."

"चेअरमन होती सर. ताळेबंदाखाली नाव येतं."

सर म्हणाले, "वर्ग सुटल्यावर बसू."

वर्ग पुढं चालू होता, माझं डोकं मात्र मार्चमध्ये होतं. सरांचा नियम लावला तर मार्चचे सगळे दिवस बदलायला पाहिजेत. शिमग्याला ती बायकांबरोबर खो-खो हसत होती, तेव्हाही गाठ होती. तिनं दुधाचं फॅट मोजायच्या नवीन मशीनचा डबा उचलून आत ठेवला, तेव्हाही होती. ओव्याचं काय करायचं? मी ओवा दिला, तो चुकीच्या आजाराला दिला. तो दिवस जसा होता तसा ठेवायचा की आता जे कळलं त्यानं पुसायचा, हे मला समजेना. पुस्तकात दोनच प्रकार होते आणि सारजा दोन्हींत बसत होती.

वर्ग सुटल्यावर सरांना मी केंद्राचं सगळं सांगितलं. त्यांनी एक प्रश्न विचारला.

"कागदावर कुणाचं नाव आहे ते क्षणभर बाजूला ठेवा. व्यवहार खरा काय झाला तेवढं सांगा. आपल्या विषयात नावापेक्षा ते महत्त्वाचं."

"बायकांनी दूध दिलं."

"विकलं?"

"न्हाई. त्याचे पैसे त्यांना मिळत न्हाईत."

"संस्थेला देणगी दिली?"

"न्हाई. संस्थेला दिलं असं कुणी म्हणत न्हाई. सारजाला दिलं म्हणतात."

जुलेखा शेजारी उभी होती. तीच म्हणाली, "सर, मग ही विक्रीच नाही ना?"

"नाही," सर म्हणाले. "आणि विक्री नाही तर ते विक्रीच्या दुधात जायला नको होतं. घातलं तिथंच चूक झाली, काका. आतापर्यंत जे गेलं ते ज्या-ज्या बाईचं होतं तिच्या खात्यावर दुरुस्तीनं टाका. खाडाखोड करू नका, वेगळी नोंद करा. आणि पुढं..."

"पुढं भवानीचं काय करायचं?"

"ते मला पुस्तकात सापडत नाही," सर म्हणाले.

घरी येऊन मी ताळेबंद पुरा केला. तो जमला, दोन्ही बाजू सारख्या आल्या. असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालं होतं, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं. मग टीप लिहायला घेतली. जुलेखानं मला वाक्य घालून दिलं होतं. 'दिनांक अमुक रोजी संस्थेच्या अध्यक्षा सारजाबाई बद्रीनाथ यांचे निधन झाले. सदर घटनेचा या ताळेबंदातील आकड्यांवर कोणताही परिणाम होत नाही.'

पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं काही लिहवेना. कोणताही परिणाम होत नाही. मी जुलेखाला फोन लावला.

"पोरी, ते दुसरं वाक्य गाळलं तर चालतं का?"

"नाही काका. तेच तर मुख्य आहे. परिणाम होतो की नाही ते सांगावंच लागतं."

"नाही म्हणून कसं लिहू?"

"काका, त्यात आकड्यांवर असं लिहिलंय. फक्त आकड्यांवर."

मी कागद पुन्हा वाचला. खरंच तसं होतं. मग लिहिलं. आकडे आहेत तसे ठेवले, मार्च आहे तसा ठेवला. नियमानं बरोबर की चूक, ते मला आजही ठाम सांगता येणार नाही.

महिनाअखेरीच्या आधी सभा घेतली. केंद्राच्या पत्र्याखाली बायका बसल्या. मी ताळेबंद वाचला, टीप वाचली, आवाज बराच ठीक राहिला. मग सांगितलं, नंबर एकचं खातं आज बंद होणार. पाळीचं दूध ज्याचं त्याच्या खात्यावर परत जाईल. नाही तर संस्था जाईल.

"दिल्यालं परत घ्यायचं?" बायनाबाई म्हणाल्या. "लाज हाय का काय?"

"मावशी, न्हाई घेतलं तर केंद्र बंद. दूध गड्यांच्या संस्थेत घालावं लागंल."

"गड्यांच्या संस्थेत माजी चप्पल बी जायची न्हाई."

"मग घ्यावं लागंल."

छबुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अक्का आसती तर काय म्हणली आसती? म्हणली आसती, संस्था ठिवा. लिवा भाऊजी." चेअरमन म्हणून छबुबाईंचंच नाव सुचवलं गेलं, त्या नको नको म्हणत होत्या आणि बायनाबाई "गप बस" म्हणत होत्या. ठराव झाला. बायकांसमोर मी नोंद लिहिली, खाली रेघ मारली आणि नंबर एक बंद केला. छबुबाईंनी सही केली. खाली मी केली.

मला वाटलं, झालं. संस्था वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्र उघडलं. कॅन धुऊन ठेवले, फॅट मशीन लावलं, स्टोवर पाणी ठेवलं. बायका आल्या. किटल्या, चरव्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मी रजिस्टर उघडलं आणि म्हणालो, "हं, नंबर दोन."

छबुबाई पुढं आल्या नाहीत.

"छबुबाई."

"बायनाबाईला घ्या आधी."

"मी कावून?" बायनाबाई म्हणाल्या. "तू चेअरमन हायस."

"मग भिवराबाई..."

भिवराबाईंनी किटली मागं घेतली. अशी सगळी रांग मागं सरकत गेली. सहकारी संस्था, ठराव झालेला, कागद बरोबर, आणि कॅन रिकामा. ऊन पत्र्यावर चढायला लागलं होतं. मेअखेरचं ऊन, सकाळचं दूध तासाभरात फाटतं. रस्त्यावरून संघाच्या टेम्पोचा आवाज यायला लागला. गाडी कुणासाठी थांबत नाही, रिकामे कॅन परत नेते, आणि दोनदा रिकामी गेली की संघाला कळवते. आता अर्जुनरावांना काही लिहायचीही गरज राहिली नसती. संस्था आपोआपच बंद पडली असती.

"आवो, घाला की कुणीतरी," मी म्हणालो.

मला सरांचं बोलणं आठवत होतं. विक्री नाही तर ते विक्रीच्या दुधात जायला नको होतं. पण मग ते जायचं कुठं, ते सर सांगू शकले नव्हते, मलाही सुचत नव्हतं. मी म्हणालो, "सर म्हणत होते, सारजाचं माप कॅनमधी पडायला नको होतं. पैशाचं दूध न्हाई ते."

बायनाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "मंग कशात पडायला पायजे हुतं?"

"ते त्यांना बी म्हाईत न्हाई."

"बामनं शिकवायला बसलेत, आन..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. सर काही ब्राह्मण नव्हते, पण बायनाबाईंच्या लेखी शिकवणारे सगळे तेच. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. स्टोवर पाणी उकळत होतं, कॅन धुवायचं. शेजारी पातेलं पालथं घातलेलं. बायनाबाईंनी ते उलटं केलं आणि छबुबाईंपुढं धरलं.

"वत ह्यात. अक्काचं माप."

छबुबाईंनी किटली उचलली. मग त्यांनी माप भरलं आणि पातेल्यात ओतलं. लिटरभर, काठोकाठ. बायनाबाईंनी धुवायचं पाणी उतरवून पातेलं स्टोवर ठेवलं, चहापत्तीचा डबा काढला, मुठीनं साखर टाकली.

"दुधाचा?" भिवराबाई हळूच म्हणाल्या. "अक्का रागं भरंल."

"भरू दी. तिला म्हणावं, तुजंच हाय, तूच पाजतीयास."

मग छबुबाई कॅनकडं वळल्या आणि म्हणाल्या, "हं भाऊजी. नंबर दोन." त्यांनी दूध घातलं. मी लिहिलं. पानाची पहिली ओळ नंबर दोनची होती, अशी मी याआधी कधी लिहिली नव्हती. मग रांग पुढं सरकली. टेम्पो आला तेव्हा निम्म्या बायकांचं दूध पडलं होतं. ड्रायव्हर घाई करायला लागला तसा बायनाबाईंनी त्याच्या हातात कप दिला. तो कपात बघून थबकला.

"आज काय हाय? लगीन हाय का कुनाचं?"

"पी गप," बायनाबाई म्हणाल्या. तो थांबला. रांग संपेपर्यंत थांबला.

अर्जुनराव महिनाअखेर आले. रजिस्टर बघितलं, दुरुस्तीची नोंद बघितली, नंबर एकखालची रेघ बघितली. काही लिहिलं नाही. सकाळची वेळ होती, त्यांनाही दुधाचा चहा मिळाला. प्याले आणि म्हणाले, "हे बी कुठं तरी दाखवा बरं का. लिटरभर दूध रोज कुठं जातंय, पुढचा साहेब इचारंल."

ते मात्र मला अजून सुटलेलं नाही. खर्च म्हणावा तर संस्थेनं काही दिलेलं नाही. विक्री नाही, देणगी नाही. पाळी अजून चालू आहे, दर सकाळी एक बाई ते माप पातेल्यात ओतते. मी जुलेखाला विचारलं. ती म्हणाली, "काका, संस्थेचं नाहीच ते. संस्थेचं नाही ते कशाला लिहिता?" तिचं बरोबर असेल. परीक्षेत तिला चांगले मार्क पडले आणि मी काठावर निघालो.

त्या पहिल्या सकाळी शेवटचा कप माझ्यापुढं आला. इतक्या वर्षांची कोऱ्याची सवय. साय धरली होती आणि साखर जास्त झाली होती. बायनाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या होत्या, मी पितो की नाही ते बघत.

"लिवणार हायस का ह्ये बी?" त्यांनी विचारलं.

मी पेन टोपण लावून ठेवला आणि कप उचलला.